जीप सुटायच्या आधी रांग बघा

सातपुड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी लिहितेय. मी धुळ्याची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून धडगावकडे गेले.

नियमाने डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक केंद्र असतं, पण मनुष्यबळ कागदावर मोजू नका. आमची एक सिस्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे होती, नाव मात्र आमच्याच हजेरीपटावर. अशी जागा रिक्त दिसतच नाही, मग ती भरणार कोण? रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच हे विचारून घ्या. घाबरू नका, काम हळूहळू अंगवळणी पडतं.

मी चुकले ती बाजाराच्या दिवशी. रांग पार अंगणातल्या कडुनिंबापर्यंत गेलेली. भांडणं नकोत म्हणून मी काटेकोर नंबरानेच घेत होते. आठव्या महिन्यातली एक बाई भिंतीला टेकून बसली होती, चांदीचं कडं सुजलेल्या घोट्यात रुतलेलं. मी ते पाहिलं आणि पुढचा केसपेपर ओढला. तिचा नंबर आला तेव्हा जागा रिकामी होती. पाड्याकडची शेवटची जीप तीनला सुटते. चार दिवसांनी तिला झटके आले. बाई वाचली, बाळ गेलं.

त्या दिवसाच्या ओपीडी रजिस्टरात तिचं नावच नाही. थांबला तो मोजला जातो, कंटाळून परत गेला त्याची नोंद कुठेच होत नाही. महिन्याच्या अहवालात आमची ओपीडी उलट छान दिसली. हे नीट समजून घ्या, कारण वरून कुणी विचारणार नाही.

म्हणून खिडकी उघडण्याआधी बीपीचं यंत्र घेऊन रांगेतून चाला. गरोदर बाई, धापा टाकणारं किंवा ग्लानीतलं मूल आधी आत. गरोदर बाईचं बीपी 140/90 किंवा वर असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. 160/110 असेल तर केसपेपरही नंतर, आधी डॉक्टरांना हाक मारा, मॅग्नेशियम सल्फेट (बीपी वाढून येणारे झटके रोखणारं इंजेक्शन) काढून ठेवा, गाडीला फोन लावा. टोकन वाटली की गर्दीचा प्रश्न मिटतो, असं सांगणाऱ्यांचं मी तरी ऐकत नाही. आमच्या परिचर मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ताई, आधी रांग देखी ये, मंग पेन धर." वरिष्ठांच्या प्रशिक्षणापेक्षा मला ते जास्त उपयोगी पडलं, उशिरा का होईना.

परत गेलेल्यांची वेगळी वही ठेवा: नाव आणि पाडा. संध्याकाळी त्या पाड्याच्या आशाताईला फोन करा, रेंज नसेल तर सकाळच्या जीपवाल्याकडे चिठ्ठी द्या. आणि "डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का" हे पावरीत, म्हणजे इथल्या पावरा लोकांच्या बोलीत, कसं विचारायचं, ते आशाताईकडून आधीच शिकून घ्या.