ब्रिटनमध्ये नवीन आलात? आधी मतदार यादीत नाव घाला

मी मिरजेची. नर्सिंग तिथंच शिकले, आता लेस्टरच्या एका हॉस्पिटलात वॉर्डवर असते. आमच्याकडे केरळ, महाराष्ट्र, फिलिपीन्सहून नव्या मुली येतच असतात. सिमकार्ड कुठलं घ्यायचं, स्वस्त कोट कुठं मिळतो, कढीपत्ता बेलग्रेव्ह रोडवर कुठल्या दुकानात ताजा असतो, हे त्यांना सगळेच सांगतात. मतदानाचं मात्र कुणी सांगत नाही. ते मी सांगते, म्हणून वॉर्डवर मला ‘इलेक्शनवाली ताई’ म्हणतात. म्हणू देत.

पहिली गोष्ट, जी ऐकून निम्म्या जणींचा विश्वास बसत नाही: हातात भारतीय पासपोर्ट असला तरी तुम्हाला ब्रिटनमध्ये मताचा अधिकार आहे. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, वय अठरा पूर्ण, वैध व्हिसावर इथं राहणारा, एवढं पुरतं. नगरसेवकच काय, खासदारही तुम्ही निवडू शकता. आमच्या फिलिपिनो मैत्रिणींना हा अधिकार नाही. जर्मन किंवा फ्रेंच माणूस वीस वर्षं इथं राहिला तरी ब्रिटिश नागरिक झाल्याशिवाय संसदेच्या निवडणुकीत त्याला मत नाही. आपल्याला आल्या आल्या आहे, आणि आपण काय करतो? ‘आपल्याला काय करायचंय त्यांच्या राजकारणाशी’ म्हणून सोडून देतो. आणि मग व्हिसाचे नियम बदलले की ग्रुपवर रडतो.

नाव घालायला सरकारी वेबसाइटवर पाच-दहा मिनिटं लागतात. पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (पगार आणि करासाठी सरकार देतं तो). नावाच्या रकान्यात पासपोर्टवर आहे तस्संच नाव लिहा. हे मुद्दाम सांगते, कारण घोळ आपल्याच बायकांचा होतो. पासपोर्टवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदावर मधलं नाव गायब. मतदान केंद्रावर ओळखपत्र आणि यादी ताडून बघतात. किरकोळ फरक चालतो, पण आडनावच वेगळं असेल तर लग्नाचा दाखला सोबत न्यावा लागतो. यादीची एक खुली प्रतही असते, ती कुणालाही विकत मिळते. तिच्यात नाव नको, अशी खूण तिथंच करा, नाहीतर जाहिरातींची पत्रं येत राहतील. मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी नोंदणी झालेली हवी. आणि राजकारणात अगदी रस नसेल तरी नाव घालाच; मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट किंवा कर्ज देताना तुमचा पत्ता खरा आहे का हे कंपन्या याच यादीवरून बघतात.

आता खरा प्रश्न. मत द्यायचं कुणाला? ते मी कुणालाच सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. पण कसं ठरवायचं ते सांगते: कचऱ्यापासून सुरुवात करा.

थट्टा नाही. कुठलं काम कुणाचं हे कळल्याशिवाय राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. लेस्टर शहरात कचरा, रस्ते, वाचनालय, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे सगळं एकाच सिटी कौन्सिलकडे. रिसायकलिंगच्या नारिंगी पिशव्या उचलल्या नाहीत तर फोन तिकडं. पण चार पैसे साठले की आपले लोक शेजारच्या ओडबीला घर घेतात, आणि तिथं कारभार दुभागलेला. कचरा गावापुरत्या बरो कौन्सिलकडे, रस्त्यातला खड्डा जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलकडे. माझ्या ओळखीचे एक काका खड्ड्यासाठी कित्येक आठवडे चुकीच्या ऑफिसला मेल करत होते आणि ‘इथंही आपल्यासारखंच आहे हो’ म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होते. आपल्यासारखं आहेच, पण पत्ता तरी बरोबर घाला!

कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल नीट वाचा. घरांचे ए ते एच असे गट १९९१ सालच्या किमतीवरून ठरलेले आहेत, आजही तेच चालतात. घरात एकटंच प्रौढ माणूस असेल तर पंचवीस टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. आपल्या मुली लाजतात आणि पूर्ण भरतात. दरवर्षी बिल वाढलं की ‘एवढे पैसे घेऊन करतात काय’ हा प्रश्न येतो. याचं उत्तर मला वॉर्डवर मिळालं. आमच्याकडे बरे झालेले म्हातारे पेशंट दिवसेंदिवस पडून असतात, कारण घरी त्यांना आंघोळ घालायला, औषध द्यायला येणाऱ्या माणसाची सोय झालेली नसते. ती सोय कौन्सिलनं करायची. कौन्सिलचा मोठा पैसा या देखभालीत आणि मुलांच्या संगोपनात जातो, कचऱ्यात नव्हे. हे एकदा कळलं की निवडणुकीतलं पत्रक वेगळं दिसायला लागतं. ‘टॅक्स कमी करू’ म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं, मग बेड नंबर सहाच्या आजींना घरी कोण बघणार?

औषधाचंही तसंच. इंग्लंडमध्ये २०२४ पासून चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये फुकट. देश एक, पण आरोग्याचे निर्णय तिथली सरकारं वेगळी घेतात. ग्लासगोच्या मैत्रिणीचा सल्ला लेस्टरमध्ये डोळे झाकून वापरू नका.

खासदाराकडे जायचं ते वेगळ्या कामासाठी. व्हिसाचा अर्ज अडकला, पासपोर्ट परत येईना, मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळेना, तर खासदाराच्या ऑफिसला लिहायचं. संसदेच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की आपला खासदार कळतो. दुसऱ्याच्या खासदाराला लिहू नका, ते पत्र परत तुमच्याच खासदाराकडे पाठवतात. पत्रात पूर्ण पत्ता, अर्जाचा क्रमांक, आणि काय हवंय ते दोन ओळींत. ‘आदरणीय महोदय, मी एक गरीब’ वगैरे नको. खासदार ठरावीक दिवशी लोकांना भेटतात, डॉक्टरच्या दवाखान्यासारखं त्यालाही इथं सर्जरीच म्हणतात. पोटदुखी घेऊन जाऊ नका एवढंच.

लेस्टर राजकारण शिकायला फार चांगलं शहर आहे. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत शहरातल्या तीन मतदारसंघांनी तीन वेगळे निकाल दिले. पश्चिमेला लेबरच्या लिझ केंडल. दक्षिणेला अपक्ष शौकत अ‍ॅडम, त्यांनी लेबरच्या जोनाथन अ‍ॅशवर्थना ९७९ मतांनी पाडलं. गाझातल्या युद्धावरून लोकांचा राग त्यामागं मोठा होता. आणि पूर्वेला कॉन्झर्वेटिव्हच्या शिवानी राजा. देशभर त्या पक्षाचं पानिपत होत असताना त्यांनी लेबरकडून हिसकावलेली ही एकमेव जागा. त्याच निवडणुकीत लेबरला देशात साधारण ३४ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं आणि फक्त पाच जागा. त्यांच्यापेक्षा कमी मतं मिळवून लिबरल डेमोक्रॅट ७२ वर. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून, हा आपल्याकडचाच हिशेब, म्हणून आपल्याला तो लगेच कळतो. तेव्हा देशाचा कल बघत बसू नका, तुमच्या मतदारसंघात लढत कुणाकुणात आहे ते बघा.

‘आपला माणूस’ या गोष्टीपासून सांभाळा. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी मूठभर मतांच्या फरकानं खासदार झाले, त्याचा अभिमान मलाही आहे. ऋषी सुनक ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. त्यांच्याच सरकारनं मार्च २०२४ पासून केअर वर्करना, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना, नवरा-बायको, मुलं आणायला बंदी केली आणि एप्रिलमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट ३८,७०० पौंडांवर नेली. पुढं लेबर आलं, ‘हे गरिबांचे’ म्हणून लोक निश्चिंत झाले. त्यांनी जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० केली आणि परदेशातून केअर वर्कर आणणंच बंद केलं. कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं, हा प्रस्तावही त्यांचाच. आडनाव आणि पक्षाचा रंग बघून आपल्या व्हिसाचा अंदाज बांधू नका. जाहीरनामा वाचा, निदान स्थलांतराचं आणि आरोग्याचं पान तरी.

आणि एक गोष्ट मला अजून पचत नाही. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेले भारतीय इकडं यायला निघाले, तेव्हा लेस्टरच्याच कौन्सिलनं तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. ते आले. त्यांनी हे शहर उभं केलं, बेलग्रेव्ह रोडची दिवाळी बघायला आता लांबून लोक येतात. त्यांच्यातलेच काही आज चहा पिताना मला म्हणतात, ‘बेन, आता फार लोक येतात, दार बंद करायला पाहिजे.’ वाद घालू नका असं मी नव्या मुलींना सांगते, पण मी स्वतः घालते.

व्हॉट्सअ‍ॅपचा नियम कडक ठेवा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना झाला आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत लेस्टरमध्ये हिंदू-मुस्लिम तरुणांत तणाव पेटला. फोनवर जे फिरत होतं त्यातलं बरंचसं खोटं निघालं, आणि तेल ओतणाऱ्यांतले कितीतरी जण लेस्टरमध्ये राहतही नव्हते. २०२४ मध्ये साउथपोर्टमधल्या लहान मुलींच्या हत्याकांडानंतरही तसंच. हल्लेखोर निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरली आणि दंगली झाल्या. त्या आठवड्यात रात्रपाळी संपल्यावर आम्ही बस स्टॉपला एकेकटं जात नव्हतो. शहरात काही घडलं तर आधी पोलिसांचं आणि स्थानिक बातमीदारांचं बघा. सांगलीच्या मामांना तुमच्या गल्लीतलं तुमच्या आधी कळलं असेल, तर ती बातमी पुढं ढकलू नका.

कामावर बोलायची रीत वेगळी आहे. ‘तू कुणाला मत दिलंस?’ हे इथं कुणी थेट विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. पार्किंगचे पैसे, जीपीची (नेहमीच्या डॉक्टरची) अपॉइंटमेंट, पगारवाढ यावर मात्र मनसोक्त तक्रार चालते, आणि माणूस कुठल्या बाजूचा ते त्यातूनच कळतं. मोदींबद्दल, जातीबद्दल तुम्हाला विचारतील. ‘घरातही आमचं यावर एकमत नाही’ हे खरं असेल तर तेच सांगा. युनिफॉर्मवर पक्षाचा बिल्ला लावायचा नाही.

युनियनचा मतदानाचा लिफाफा मात्र उघडा. डिसेंबर २०२२ मध्ये नर्सेसचा मोठा संप झाला. पुढच्या वर्षी पुन्हा मत घेतलं तेव्हा ८४ टक्क्यांनी संपाला होकार दिला, पण मतदान झालं ४३ टक्केच. तेव्हाच्या कायद्यानं निम्म्यांनी तरी मत द्यायला हवं होतं, म्हणून सगळं बारगळलं. आपल्या मुलींचे लिफाफे फ्रिजवर तसेच पडलेले मी पाहिलेत. कारण काय, तर व्हिसा जाईल ही भीती. कायदेशीर संपातली गैरहजेरी व्हिसा रद्द करायचं कारण होत नाही, आणि मत तर टपालानं गुप्तच जातं.

मतदानाचा दिवस बहुतेक गुरुवार, सकाळी सात ते रात्री दहा. सुट्टी नसते. आमची लाँग डे, म्हणजे दिवसभराची लांब पाळी, असली की पळापळ होते, म्हणून टपाली मतदान मागून घ्या. सही आणि जन्मतारीख अर्जावर केली तशीच करा. प्रत्यक्ष जाणार असाल तर भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही; फोटोत मात्र तुम्ही ओळखू यायला हव्यात. आधार, भारतीय लायसन्स, फोनमधला फोटो चालत नाही. ब्रिटिश लायसन्स चालतं, आणि काहीच नसेल तर मतदारांसाठीचं ओळखपत्र फुकट काढून मिळतं. घरी आलेलं पोल कार्ड (मतदानाची माहितीचिठ्ठी) विसरलं तरी हरकत नाही. केंद्र शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, कुठं कुठं पबमध्येही असतं. आत मशीन नाही, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कागद. नावासमोर फुली मारायची. शाई लावत नाहीत, त्यामुळे बोटाचा फोटो मिळणार नाही. बाहेर पक्षाची फीत लावलेला कुणी तुमचा मतदार यादीतला नंबर विचारेल. सांगणं बंधनकारक नाही.

भारतातलं मत? पासपोर्ट भारतीय आहे तोवर फॉर्म ६अ भरून गावच्या यादीत नाव राहतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष आपल्या बूथवरच जावं लागतं. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ते मतही गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मतदान नाही. बरेच जण ‘शेतजमीन घ्यायचीय म्हणून नागरिकत्व नको’ म्हणतात. तर ऐका: परदेशात स्थायिक भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआयवाल्यालाही नाही. वारसानं दोघांनाही मिळते. सातबारावर नाव लावायचं राहिलं असेल तर पुढच्या सुट्टीत तलाठ्याकडे जाऊन ते काम आधी उरका.