परदेशी शिकायला चाललाय? तिकडचा प्लॅन नंतर, आधी इकडचा नंबर सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातनं पोरं-पोरी आता जर्मनी, यूके, अमेरिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडं शिकायला जातात, आणि व्हिसा आला की घरात पहिली चर्चा काय, तर तिकडं कुठलं सिम घ्यायचं आणि महिन्याला किती पडतंय. विचारायलाच पाहिजे, पण त्याच्या आधीचं एक काम राहून जातंय. तिकडचा प्लॅन नाही पटला तर पुढच्या महिन्यात दुसरा घेता येतोय. इकडचा नंबर बंद पडला तर बँक, आधार, लोनचा हप्ता सगळ्याचे ओटीपी थांबतात आणि ते निस्तरायला मग घरच्यांची पळापळ. म्हणून सुरुवात इकडच्या नंबरापासनं करा.

पहिलं बघा की नंबर कुणाच्या नावावर आहे. आपल्याकडं दहावी-अकरावीत वडिलांच्या आधारवर घेतलेलं सिमच पुढं चालू असतंय, आणि खरं सांगायचं तर परदेशी जाताना ते सोयीचं आहे, कारण सिम हरवलं, खराब झालं तर ज्याच्या नावावर आहे तो माणूस दुकानात जाऊन डुप्लिकेट काढू शकतोय. तुमच्या नावावर असेल तर तुम्ही म्युनिकमध्ये आणि दुकान बेळगावात, काय करणार? आणखी एक, सीमेवरच्या लोकांचं खास. निपाणी, कोगनोळीकडं बऱ्याच जणांचे नंबर महाराष्ट्र सर्कलचे, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या महाराष्ट्र विभागातले असतात. त्याचं डुप्लिकेट सिम इथल्या दुकानात मिळतंय का ते आत्ताच विचारून घ्या, नाहीतर ऐनवेळी वडिलांना कागल नाहीतर कोल्हापूर गाठावं लागेल. २०१५ पासून नंबर तोच ठेवून सर्कल बदलता येतंय, त्यामुळं वाटलं तर जायच्या दोन-तीन महिने आधी पोर्ट करून टाका.

पोस्टपेड असेल तर प्रीपेड करा. तिकडं चुकून डेटा रोमिंग चालू राहिलं आणि बिल आलं तर ते भरायला घरी वडीलच आहेत, उगाच त्यांच्या डोक्याला ताप. प्रीपेडला डेटाचे महागडे पॅक मारायची गरज नाही. ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं सांगितल्यावर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक आणलेत, वर्षभराचा तेव्हा साधारण अठराशेच्या आसपास बसायचा. काही जण म्हणतात वीस रुपये बॅलन्स ठेवला की झालं. नव्वद दिवस वापर नसला तरी वीस रुपये कापून नंबर महिनाभर राखतात हा नियम खरा आहे, पण नंबर राखणं वेगळं आणि त्याच्यावर ओटीपी येणं वेगळं. ओटीपी पाहिजे असेल तर व्हॅलिडिटी चालू पाहिजे, इथं पैसे वाचवू नका.

इंटरनॅशनल रोमिंग इथनंच चालू करून जा. रोमिंग म्हणजे फक्त नेटवर्क मिळायला, डेटा रोमिंगचं बटन मात्र त्या सिमला कायम बंद. परदेशात असताना आलेला एसएमएस साधारण फुकट असतोय, पण या नंबरवर आलेला कॉल उचलला की पैसे जातात, म्हणून घरी, कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगून ठेवा की साधा कॉल करायचा नाही. यूपीआय ॲप फोनमध्ये नीट चालू करूनच निघा, तिकडं नव्यानं करायला लागलं तर भारतातल्या सिमवरनं एसएमएस पाठवावा लागतोय आणि त्याला रोमिंगचा दर लागतोय.

सिम घरी ठेवून आईला ओटीपी विचारायचा, असं पण काही जण करतात. मला ते अजिबात पटत नाही. एक तर वेळेचा फरक, अमेरिकेत दुपार असते तेव्हा इकडं मध्यरात्र. आणि दुसरं म्हणजे ओटीपी फोनवर सांगायचा नाही असं आपणच आईला शिकवायचं आणि आपणच रोज विचारायचा, मग एखाद्या दिवशी फसवणाऱ्यानं तुमच्या नावानं फोन केला तर ती माऊली सांगून मोकळी होणार. सिम सोबतच न्या.

आता फोन. इकडचा नंबर साध्या सिममध्येच राहू दे आणि तिकडचा ई-सिममध्ये घ्या, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणाऱ्या सिममध्ये. फोन बिघडला तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतंय, ई-सिम परत मिळवायला कंपनीचं सगळं व्हेरिफिकेशन आणि ते तिकडनं फार अवघड. अमेरिकेतल्या काकांनी आयफोन आणून दिला असेल तर तपासा, तिथं विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्यांना सिम घालायची खाचच नाही. मग नाइलाजानं इकडचं पण ई-सिम करावं लागतंय, पण ते महिनाभर आधी करा, निघायच्या आदल्या दिवशी नको. सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात आणि जुलै २०२४ पासून सात दिवस पोर्ट पण करता येत नाही. आणि जुना साधा फोन न्यायचा विचार असेल तर, अमेरिकेत २०२२ ला, ऑस्ट्रेलियात २०२४ ला थ्रीजी बंद झालंय, जर्मनीत तर २०२१ लाच. फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरनं कॉल करायची सोय पाहिजे आणि तिथल्या नेटवर्कवर ते चाललं पाहिजे, कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघता येतंय.

आता तिकडचं. पहिले दोन-तीन महिने फक्त प्रीपेड, महिन्याचा. कितीही स्वस्त दाखवला तरी दोन वर्षांच्या करारावर सही करू नका, कारण तेव्हा तुम्हाला ना पक्कं घर माहीत असतंय, ना रोज लायब्ररीत बसणार का पार्टटाइमला जाणार ते, ना त्या खोलीत कुठलं नेटवर्क येतंय ते. आपल्याकडं जसं टिळकवाडीत एकाचं फुल आणि जांबोटी सोडली की त्याचंच गायब, तसंच तिकडं पण आहे. रूममेटना विचारा, तेच खरं सांगतात. विमानतळावरचं सिम महाग पडतंय. एअरालोसारखं ट्रॅव्हल ई-सिम आठवडाभराचं इथनंच घेतलं तर उतरल्या उतरल्या मॅप आणि व्हॉट्सॲप चालतंय, पण त्यात बहुतेक वेळा फक्त डेटा असतोय, लोकल नंबर मिळत नाही, आणि तिथल्या बँकेला, घरमालकाला लोकल नंबर लागतोय.

जर्मनीत २०१७ पासून प्रीपेडला पण पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टात. आल्डी, लिडल या सुपरमार्केटची सिम पण तिथल्या मोठ्या कंपन्यांच्याच नेटवर्कवर चालतात, आल्डी टॉक ओटूच्या, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या, आणि कॉंगस्टार हे स्वस्त सिम टेलिकॉमच्या, म्हणजे सुपरमार्केटचं सिम म्हणून नाक मुरडू नका. प्लॅन चार आठवड्याचा असतोय, महिन्याचा नाही, त्यामुळं वर्षात बारा नाही तर तेरा रिचार्ज, हिशेब तसा धरा. आणि युरोपियन युनियनमध्ये फिरायला गेला तर तोच प्लॅन चालतोय.

यूकेत सोपं आहे, प्रीपेडला ओळखपत्र मागत नाहीत. गिफगॅफ, स्मार्टी, व्हॉक्सी ही तिथली स्वस्त सिम मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर चालतात, गिफगॅफ ओटूच्या, स्मार्टी थ्री नावाच्या कंपनीच्या, व्हॉक्सी व्होडाफोनच्या. तिथं सिम ओन्ली, म्हणजे फोनशिवाय नुसतं सिम, म्हणून विचारा. अमेरिकेत पोस्टपेडला सोशल सिक्युरिटी नंबर आणि क्रेडिट हिस्टरी बघतात, ती तुमच्याकडं सुरुवातीला नसते, म्हणून प्रीपेडच, मिंट मोबाईल वगैरे कंपन्यांचं. नंतर चार-पाच जण मिळून फॅमिली प्लॅन काढतात, स्वस्त पडतंय, पण अकाउंट ज्याच्या नावावर त्यानंच सगळ्यांचं बिल भरायची जबाबदारी असते, म्हणून पैसे आधी गोळा करायचं ठरवा आणि कोर्स संपून कोण कधी जाणार ते पण बोलून घ्या.

एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि तीच मला महत्त्वाची वाटते. व्हॉट्सॲप कॉल आहे की, मग आयएसडी कशाला, असं सगळे म्हणतात. पण आजी-आजोबा खानापूरच्या जंगलाकडच्या गावात असतील, कणकुंबीकडं, तर तिथं नेट कुठं नीट येतंय? पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन असतोय. लेबारा, लायकामोबाईलसारख्या तिकडच्या सिम कंपन्यांच्या काही प्लॅनमध्ये भारतात कॉल करायला मिनिटं असतात. एक-दोन पौंड, युरो जास्त गेले तरी असा प्लॅन घ्या, दर आठवड्याला आजीला फोन करायचा तर डेटाच्या जीबीपेक्षा ती मिनिटं जास्त कामाची.

आणि परत यायच्या वेळी तिकडचा नंबर लगेच टाकून देऊ नका. घराचं डिपॉझिट, टॅक्सचा परतावा, शेवटचा पगार हे सगळं नंतर येतंय आणि बँकेचा मेसेज त्याच नंबरवर जातोय. सगळ्यात स्वस्त प्रीपेडवर टाकून काही महिने चालू ठेवा, आणि वापरलाच नाही तर किती दिवसात बंद होतोय ते बघून ठेवा. गिफगॅफचा सहा महिने काहीच वापर झाला नाही तर बंद होतोय, म्हणून मधे एखादा मेसेज पाठवत राहा.