क्लँगेडिनचा पुजारी खेळायचाय? मग दुसऱ्या कुऱ्हाडीचं आधी ठरवा

क्लँगेडिन सिल्व्हरबीअर्ड हा डन्जन्स अँड ड्रॅगन्स (D&D) या फाशांच्या भूमिका-खेळातल्या ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या, दणकट जमातीचा युद्धदेव. मोराडिन आणि बेरोनार या ड्वार्फ देवतांचा मुलगा, चिन्ह दोन एकमेकींवर ओलांडलेल्या कुऱ्हाडी, बिरुद 'जोडकुऱ्हाडींचा स्वामी'. साहजिकच त्याचा क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा पुजारी) बनवताना पहिली इच्छा होते ती दोन्ही हातांत बॅटलॲक्स (युद्धाची कुऱ्हाड) देण्याची. मीही तेच केलं आणि पहिल्याच लढाईत अडकलो.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत बॅटलॲक्स हे हलकं शस्त्र नाही. ड्युअल विल्डर हे फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) घेतल्याशिवाय दोन बॅटलॲक्सनी जोडीने वार करता येत नाही, आणि क्लेरिकला फीटची पहिली संधी बहुधा चौथ्या लेव्हलला मिळते. फीट घेतलं तरी बहुतेक मंत्रांच्या हातवाऱ्यांसाठी मोकळा हात उरत नाही. तेव्हा जेमतेम हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा मंत्र कामी येतो, कारण त्याला फक्त उच्चार लागतो.

उत्तर मला तिसऱ्या लेव्हलला सापडलं: स्पिरिच्युअल वेपन हा मंत्र. हवेत तरंगणाऱ्या त्या शस्त्राला आपल्या देवाच्या शस्त्राचं रूप देता येतं. एक कुऱ्हाड माझ्या हातात, दुसरी क्लँगेडिनच्या. तेव्हापासून मी दुसरा मार्ग शोधलेला नाही.

तिसऱ्या लेव्हलपर्यंत ढाल आणि एकच कुऱ्हाड घेऊन खेळा. वॉर डोमेनमुळे (क्लेरिकची युद्धाची शाखा) जड चिलखत पहिल्या लेव्हललाच मिळतं, आणि त्याने ड्वार्फाची चाल मंदावत नाही. हिल ड्वार्फ ही पोटजात निवडलात तर विज्डम (शहाणपणाचा आकडा) १ ने वाढतो. विज्डमचा बोनस ३ असेल, तर वॉर प्रीस्ट या वॉर डोमेनच्या क्षमतेचा जादा वार दोन लाँग रेस्टच्या (लांब विश्रांतीच्या) मध्ये ३ वेळा मिळतो. हे वार जपून वापरा.

पुढे स्पिरिच्युअल वेपन आलं की क्रम महत्त्वाचा. लढाई सुरू होताना कुऱ्हाड पट्ट्यालाच राहू द्या. मोकळ्या हाताने बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतली जादा कृती) मंत्र टाका, मग कुऱ्हाड उपसा आणि ॲक्शनने (मुख्य कृती) वार करा. उपसण्याला वेगळी ॲक्शन लागत नाही. पुढच्या प्रत्येक पाळीत बोनस ॲक्शन खर्चून तरंगती कुऱ्हाड २० फूट सरकवा आणि मारा. ती एक मिनिट टिकते आणि तिला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर धरता येणारं लक्ष) लागत नाही, त्यामुळे आधीच्या पाळीत ब्लेस हा सोबत्यांना बळ देणारा मंत्र टाकून ठेवलेला असेल तर तोही चालू राहतो. ब्लेस आणि ही कुऱ्हाड एकाच पाळीत मात्र बसत नाहीत. वॉर प्रीस्टचा वारही बोनस ॲक्शनच खातो, म्हणून तो छोट्या चकमकींसाठी राखा. गाइडेड स्ट्राइक या वॉर डोमेनच्या क्षमतेने वाराच्या फाशाला मिळणारे +१० मात्र मोठ्या शत्रूसाठी ठेवा. हिल जायंट (डोंगरी महाकाय) समोर आला की मी मागेपुढे पाहत नाही; त्या जमातीवर या देवाचा खास राग आहे.

आता मानाबद्दल. इथे माझी खरी चूक झाली. एक हिल जायंट झोपला होता आणि आमची रोग (rogue, लपूनछपून वार करणारं पात्र) दबक्या पावलांनी त्याच्याकडे निघाली होती. 'झोपलेल्याला मारणं क्लँगेडिनला पटणार नाही,' म्हणत मी ढाल बडवून त्याला उठवलं. त्या लढाईत रोग मेली. ते कॅरेक्टर मैत्रिणीने वर्षभर जीव लावून खेळलं होतं. तिची मी माफी मागितली, आणि घरी येऊन या देवाची शिकवण नीट वाचली. संकट कितीही मोठं असो, डगमगू नका, असं तो सांगतो. पण जीव मूर्खपणाने उधळू नका, आणि लढाई नसेल तेव्हा पुढच्या लढाईची तयारी करा, हेही तोच सांगतो. त्याची चीड आहे ती भित्रेपणाने आणि दगाबाजीने मिळवलेल्या विजयाची. माझ्या मते, दबा धरणं हा डावपेच आहे. शरण आलेल्याला अभय देऊन मग कापणं हा दगा.

म्हणून पहिल्या सत्राआधी डीएम (खेळ चालवणारा) आणि सोबत्यांसमोर तीन गोष्टी बोलून घ्या: शरण आलेल्याचं काय करायचं, दिलेला शब्द कुठवर पाळायचा, आणि माघार कधी घ्यायची. माघारीबाबत माझा नियम सोपा आहे. सगळे बाहेर पडेपर्यंत दारात मी उभा राहतो, आणि शेवटचा मी निघतो.

आणि लढताना गा. क्लँगेडिन स्वतः हसतमुख आहे, ऐन रणात गाणारा. मी प्रत्येक लढाईआधी दोन ओळी म्हणतो, आणि आता त्या म्हटल्याशिवाय मैत्रीण इनिशिएटिव्हचा (पाळीचा क्रम ठरवणारा) फासा टाकत नाही.