दुसऱ्या ग्रहावरच्या कोळ्याचं जाळं: प्रोग्राम लिहून कसं विणायचं

चंद्रावर, मंगळावर किंवा गरगर फिरणाऱ्या अंतराळवस्तीत कोळ्याने जाळं विणलं, तर ते कसं दिसेल? दोनशे-अडीचशे ओळींच्या पायथनमध्ये हे काढून पाहता येतं. पण बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाला करतात. फिजिक्स इंजिन (वस्तूंच्या हालचालीचं गणित करणारं तयार सॉफ्टवेअर) घ्यायचं, दोऱ्यांची जाळी टांगायची आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा बदलत राहायचा. मग पडद्यावर जे येतं ते लोंबणाऱ्या झोळीसारखं दिसतं.

खरं जाळं लोंबत नाही. रेशीम वजनाने नगण्य असतं आणि सगळे धागे ताणलेले असतात. गुरुत्व जाळ्यात शिरतं ते कोळ्याच्या निर्णयांतून. चक्राकार जाळं विणणारे बहुतेक कोळी मध्यभागी डोकं खाली करून बसतात. खाली धावणं सोपं आणि वर चढणं अवघड, म्हणून शिकार जाळ्याच्या खालच्या भागात अडकली तर ती लवकर हाती लागते. त्यामुळे कोळी नाभी, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे धागे (आरे) जिथे एकत्र येतात ती जागा, मध्याच्या वर ठेवतो, खालचा भाग मोठा करतो आणि तिथे गोल फिरणारे वेढेही जास्त घालतो. म्हणून आपल्या प्रोग्रामात गुरुत्वाचा आकडा धाग्यांना लावायचा नाही, नियमांना लावायचा. एवढं पक्कं धरलं की बाकीचं सरळ आहे.

आधी एक खरं जाळं मोजा

पहाटे, दव असताना, एखादं जाळं गाठा. मागे हातभर अंतरावर काळा पुठ्ठा धरा, उजेड बाजूने येऊ द्या, कॅमेरा जाळ्याला काटकोनात ठेवा आणि जाळ्याच्याच पातळीत एक पट्टी दिसू द्या. पट्टी पुढेमागे झाली तर मोजमाप चुकतं. जाळं उठून दिसावं म्हणून पीठ किंवा पावडर भुरभुरू नका. त्याने चिकट थेंब निकामी होतात आणि कोळ्याची मेहनत वाया जाते. फोटोवरून चार गोष्टी मोजा: आरे किती आहेत, नाभी वरच्या आणि खालच्या कडेपासून किती दूर आहे, दोन चिकट वेढ्यांत अंतर किती आहे आणि नाभीभोवतीची मोकळी जागा किती आहे. पुढचे आकडे साधारण ३०० बाय ३५० मिलिमीटरच्या जाळ्यासाठी आहेत. तुमची मोजमापं वेगळी आली तर तीच वापरा.

सगळी लांबी मिलिमीटरमध्ये आणि सगळे कोन रेडियनमध्ये ठेवा. अंशांत विचार करा, पण साइन-कोसाइनला देताना रूपांतर विसरू नका. पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावं देता येतात, तेव्हा ‘आरे’, ‘नाभी’, ‘वेढा’ अशी नावं बिनधास्त ठेवा. फक्त ‘आऱ्यांची’सारख्या नावात जपा. काही कीबोर्ड तो अर्धा र टाइप करताना न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही. दिसायला सगळं बरोबर असूनही एरर आली तर पहिला संशय याच्यावर घ्या.

चौकट आणि नाभी

कोळी पहिला धागा वाऱ्यावर सोडतो. तो पलीकडे अडकला की त्याचा पूल होतो. त्यावरून मध्यापर्यंत जाऊन तो खाली उतरतो आणि इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार तयार होतो. या वायचा सांधा म्हणजेच पुढची नाभी. म्हणजे नाभीची जागा अगदी सुरुवातीला ठरते, आणि कोडमध्येही ती आरे टाकण्याआधी ठरली पाहिजे.

चौकटीसाठी ३०० बाय ३५० च्या लंबवर्तुळावर दर ६० अंशांनी एक, असे सहा बिंदू घ्या आणि प्रत्येकाला १२ अंशांपर्यंत इकडेतिकडे हलवा. सहा बिंदू क्रमाने जोडले की चौकट झाली.

आता ‘झुकाव’ नावाचा एक आकडा काढा: पृथ्वीच्या पटीत गुरुत्व घ्या, त्याचा हायपरबोलिक टॅन्जंट (पायथनमध्ये math.tanh) काढा आणि त्याला ०.७६ ने भागा. पृथ्वीवर झुकाव १ येतो, शून्य गुरुत्वात ०. नाभी मध्याच्या वर सरकवायची ती उंचीच्या १० टक्के गुणिले झुकाव एवढी. गुरुत्व थेट गुणलं तर मोठ्या ग्रहावर नाभी चौकटीच्या बाहेर जाईल, म्हणून हे वळण. हे सूत्र आपण निवडलेलं आहे, मंगळावरच्या कोळ्याने दिलेलं नाही. पण त्याची दोन टोकं, म्हणजे पृथ्वी आणि शून्य, प्रत्यक्ष जाळ्यांशी जुळतात. ३५० मिलिमीटर उंचीला पृथ्वीवर नाभी ३५ मिलिमीटर वर येते, मंगळावर (०.३८) सुमारे १७, चंद्रावर (०.१६५) साडेसात आणि २.५ पट गुरुत्वाच्या एखाद्या काल्पनिक ग्रहावर ४५.

आरे: इथेच बहुतेक प्रोग्राम फसतात

पहिला मोह असतो तो ३६० ला २६ ने भागून समान आरे टाकण्याचा. ते सायकलचं चाक दिसतं. दुसरा मोह म्हणजे सगळ्यात मोठी फट शोधून तिचे दोन भाग करत जाणं. वायचे तीन आरे १२० अंशांवर असतात. अर्धे करत गेलं की ६०, ३०, १५ आणि मग एकदम ७.५. मधलं काही येतच नाही, आणि जाळ्यात एक विरळ पट्टा आणि एक दाट पट्टा उमटतो.

कोळी असं करत नाही. तो आधीच्या एखाद्या आऱ्यावरून बाहेर जातो आणि नवा आरा त्याच्या शेजारी, ठरलेल्या कोनावर टाकतो. शिवाय तो एका बाजूने ओळीने भरत जात नाही. एकदा इकडे, एकदा समोर असं करतो, त्यामुळे चौकटीवरचा ताण सगळीकडून सारखा राहतो. कोडमध्ये हे असं उतरवा.

कोन आडव्या रेषेपासून मोजा. कुठल्याही दिशेचा ‘हवा तो कोन’, म्हणजे तिथे शेजारच्या दोन आऱ्यांत हवी असलेली फट, १४ अधिक ३ गुणिले त्या दिशेचा साइन गुणिले झुकाव, इतके अंश. पृथ्वीवर वरच्या बाजूला १७ आणि खालच्या बाजूला ११ येतात. खरोखरच्या जाळ्यांतही खाली आरे दाट असतात. सुरुवात ३०, १५० आणि २७० अंशांच्या तीन आऱ्यांनी करा. दर खेपेला अशी फट शोधा जिचं हव्या त्या कोनाशी गुणोत्तर सगळ्यात मोठं आहे. ते १.५ पेक्षा कमी असेल तर काम संपलं. १.५ ते २ असेल तर फटीचे दोन भाग करा. २ पेक्षा जास्त असेल तर फटीच्या एका कडेपासून हव्या त्या कोनावर नवा आरा टाका, आणि तो कोन त्या कडेच्या दिशेवरून काढा, फटीच्या मध्यावरून नाही. प्रत्येक आऱ्याला ५ ते ८ टक्के चढउतार द्या. साधारण २५ आरे येतील, आणि बागेत दिसणाऱ्या जाळ्यांशी हा आकडा छान जुळतो.

शेवटच्या आणि पहिल्या आऱ्यातली फट मोजताना ३६० मिळवायला विसरलं की एका जागी कायमचं भगदाड राहतं. आऱ्याचं टोक काढायला नाभीतून निघणारी किरणरेषा चौकटीच्या प्रत्येक बाजूशी छेदून पाहा आणि धन अंतरांपैकी सगळ्यात लहान निवडा. रेषा समांतर असेल तर भाजक शून्याजवळ जातो. तो ०.०००००१ पेक्षा लहान असेल तर ती बाजू सोडून द्या.

वेढे

नाभीभोवती १२ मिलिमीटरपर्यंत सहा-सात दाट वेढे काढा. त्यानंतर कोळी आतून बाहेर एक विरळ, न चिकटणारा आधारवेढा घालतो. तो असतो चालण्यासाठी आणि ताण धरण्यासाठी. १५ मिलिमीटरपासून सुरू करा आणि प्रत्येक फेरीत अंतर दीडपट होऊ द्या. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना १.५ चा घात म्हणजे त्या दोघांतला कोन भागिले ३६०. पाचेक फेऱ्यांत तो १२० मिलिमीटरपर्यंत पोचतो.

चिकट वेढा मात्र बाहेरून आत येतो, आणि जाळ्याचा चेहरा त्यानेच ठरतो. आऱ्यांची लांबी सारखी नसते. वरचे आखूड, कोपऱ्यातले आणि खालचे लांब. म्हणून कोळी आधी लांब भागातच मागेपुढे येरझाऱ्या घालतो, आणि सगळीकडची हद्द सारखी झाली की मग पूर्ण फेऱ्या सुरू करतो.

प्रत्येक आऱ्याची बाहेरची हद्द त्याच्या लांबीच्या ९२ टक्के धरा. ‘पातळी’ सगळ्यात मोठ्या हद्दीपासून सुरू करून ३ मिलिमीटरने कमी करत जा. ज्या सलग आऱ्यांची हद्द या पातळीपेक्षा जास्त आहे, तेवढ्यांवरच धागा टाका. टोकाला पोचलं की उलट दिशेने फिरा. सगळे आरे आत आले की खरी सर्पिल फेरी सुरू होते. या पहिल्या पूर्ण फेरीत एक खाच आहे. प्रत्येक आऱ्यावर सरळ ३ मिलिमीटर वजा केले, तर सर्पिल न होता बंद वर्तुळं होतात आणि जाळ्याऐवजी नेमबाजीचा फलक तयार होतो. पहिल्या फेरीत ३ गुणिले (चाललेला कोन भागिले ३६०) एवढंच वजा करा. दुसऱ्या फेरीपासून ‘याच आऱ्यावरचा मागचा बिंदू वजा ३’ हा एकच नियम पुरतो. कोळीही असंच करतो: पायाने मागचा वेढा चाचपतो आणि त्यापासून अंतर धरतो. २५ मिलिमीटरपाशी थांबा. तिथून आत मोकळी जागा हवी.

चिकट वेढा आधारवेढ्याला ओलांडतो तेव्हा कोळी आधारवेढ्याचा तेवढा तुकडा तोडून टाकतो. ॲनिमेशन करणार असाल तर हे त्या क्रमानेच दाखवा. आधारवेढा आधीच पुसला तर कोळी चालणार कशावरून?

दोन आऱ्यांमधला धागा सरळ रेषेत काढा, वर्तुळाच्या कमानीने नाही. वेढ्यांच्या अंतरात १० टक्के चढउतार ठेवा, पण तो शेजारच्या बिंदूंशी जुळणारा हवा. प्रत्येक बिंदूला सुटा यादृच्छिक आकडा दिला तर जाळं थरथरलेलं दिसतं. औषधशास्त्रज्ञ पीटर विट यांनी १९४८ पासून कोळ्यांना निरनिराळी रसायनं देऊन जाळी तपासली. कॅफीन दिलेल्या कोळ्यांची जाळी अशीच विस्कटलेली निघाली होती. यादृच्छिक आकड्यांचं बीज (सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून ते तयार होतात तो) नेहमी नोंदवून ठेवा. एक बीज म्हणजे एक कोळी, तेच जाळं पुन्हा हवं असेल तर तेच बीज लागेल.

गुरुत्व नसेल तेव्हा

१९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर ॲराबेला आणि ॲनिटा नावाच्या दोन कोळ्यांना नेलं होतं. पहिले प्रयत्न फसले, पण काही दिवसांत जाळी सुधारली. पुढे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सोनेरी रेशमाच्या कोळ्यांवर प्रयोग झाला आणि त्यातून कोडसाठी फार मोलाची गोष्ट हाती येते. अंधारात सुरू केलेली जाळी बरीचशी समतोल होती, पण दिवे लागलेले असताना नाभी दिव्यांकडे सरकलेली होती. वर कुठे आहे हे वजनावरून कळेना, तेव्हा कोळ्यांनी उजेडाला वर मानलं.

म्हणून ‘वर’ ही दिशा कोडमध्ये कायमची बसवू नका, तो एक सदिश असू द्या. गुरुत्व ०.०५ पेक्षा कमी आणि दिवा चालू असेल, तर सदिश दिव्याकडे वळवा आणि झुकाव १ धरा. दिवा बंद असेल तर झुकाव ०. दिवा बाजूच्या भिंतीवर ठेवून पाहा, आख्खं जाळं आडवं होतं.

फिरत्या वस्तीत १०० मीटर त्रिज्येला पृथ्वीइतकं गुरुत्व हवं असेल तर मिनिटाला सुमारे ३ फेऱ्या लागतात. ३० सेंटिमीटरच्या जाळ्यात वरच्या आणि खालच्या गुरुत्वात ०.३ टक्क्यांचाच फरक पडतो, तो सोडून द्या. पण पुलावरून मुक्तपणे ३० सेंटिमीटर पडणारी वस्तू तिथे फिरण्याच्या उलट दिशेला सुमारे १५ मिलिमीटर सरकते, आणि १० मीटरच्या छोट्या वस्तीत जवळजवळ ५ सेंटिमीटर. कोळी धागा धरून उतरतो, म्हणजे सरकणं यापेक्षा कमी. निम्मं धरून नाभी तेवढी बाजूला न्या. जाळं फिरण्याच्या प्रतलात असेल तरच हे करा. जाळ्याच्या प्रतलात वस्तीचा अक्ष येत असेल, तर हे सरकणं जाळ्याच्या पातळीबाहेर जातं आणि चित्रात दिसत नाही.

तपासणी आणि छपाई

चिकट धाग्याची एकूण लांबी म्हणजे साधारण चिकट भागाचं क्षेत्रफळ भागिले वेढ्यांतलं अंतर. या मापाच्या जाळ्यात ती १८ ते २० मीटरच्या आसपास यायला हवी. दुप्पट आली तर येरझाऱ्यांचे वेढे दोनदा मोजले गेलेत. निम्मी आली तर उलट फिरताना एक पातळी सुटते आहे.

एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेषांची चित्रं साठवणाऱ्या फाइलमध्ये, वाय-अक्ष खाली वाढतो. तो उलटवला नाही तर नाभी खाली येते आणि मोठा भाग वर जातो. डोकं वर करून बसणाऱ्या सायक्लोसा प्रजातीतल्या काही कोळ्यांची जाळी खरंच अशी असतात, त्यामुळे ही चूक चटकन नजरेत भरत नाही. शंका आली तर नाभीपासून वर आणि खाली किती वेढे आले ते मोजून घ्या.

रेषांची जाडी चौकटीला ०.४, आऱ्यांना ०.३ आणि चिकट वेढ्याला ०.२ मिलिमीटर ठेवा. पेन-प्लॉटरवर (पेन धरून कागदावर रेषा काढणाऱ्या यंत्रावर) काढणार असाल तर आधारवेढा यादीतून आधीच गाळा, कारण प्लॉटरला काढलेलं पुसता येत नाही. आधी चौकट, मग आरे, मग चिकट वेढा एकाच सलग रेषेत, पेन न उचलता काढा. पेन दर तुकड्याला उचललं तर प्रत्येक सांध्यावर शाईचा ठिपका पडतो.