आधी फिटनेस, मग तारीख: सौंदर्य शस्त्रक्रियेपूर्वीची वैद्यकीय तपासणी कशी करून घ्यावी

अपेंडिक्स फुटलं असेल तर साखर कितीही असो, शस्त्रक्रिया करावीच लागते. टमी टक (पोटाची सैल त्वचा काढणं), लिपोसक्शन (चरबी शोषून काढणं) किंवा नाकाच्या शस्त्रक्रियेला अशी घाई कधीच नसते. म्हणून इथे फिटनेसची, म्हणजे शरीर शस्त्रक्रियेला तयार असण्याची, अट जास्त कडक असायला हवी. हिमोग्लोबिन कमी आहे, रक्तदाब वर आहे, खोकला अजून रेंगाळतोय, तर थांबता येतं. प्रत्यक्षात मात्र आधी ॲडव्हान्स भरला जातो, रजा मंजूर होते, घरच्यांची सोय लागते आणि तपासण्या शेवटच्या दोन दिवसांत उरकल्या जातात. तेव्हा साखर २४० निघाली तर ‘बघू, इन्सुलिन देऊन करून टाकू’ असं म्हणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, रुग्णाला सर्वांत जास्त.

शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. तारीख नक्की करायची ती फिटनेसची चिठ्ठी हातात आल्यावर.

कोणाकडून काय हवं

तीन डॉक्टरांची कामं वेगळी आहेत. सर्जन शस्त्रक्रिया ठरवतो. फिजिशियन तुमचे आजार तपासतो आणि आटोक्यात आणतो. भूल द्यायची की नाही, कोणती आणि कशी, हे भूलतज्ज्ञ ठरवतो. भूलतज्ज्ञाच्या या तपासणीला रुग्णालयात ‘पीएसी’ म्हणतात. फिजिशियनची चिठ्ठी आणली म्हणून पीएसी टळत नाही.

फिजिशियनकडे नुसतं ‘फिटनेस द्या’ म्हणून जाऊ नका. सर्जनकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: शस्त्रक्रियेचं नाव, अंदाजे किती तास, भूल पूर्ण की जागेवरची, आणि रात्री दाखल राहायचं की त्याच दिवशी घरी. जागेवरची भूल देऊन पापणीची जादा त्वचा काढणं आणि पूर्ण भुलीखाली चार तासांचा टमी टक, यांत शरीरावर पडणारा ताण फार वेगळा असतो. हे ठाऊक नसलेला फिजिशियन लेटरहेडवर ‘फिट फॉर सर्जरी’ एवढंच लिहून देतो आणि भूलतज्ज्ञाला त्याचा काही उपयोग होत नाही. उपयोगी चिठ्ठीत सध्याचे आजार, ते किती आटोक्यात आहेत, कोणती गोळी कधी थांबवायची आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कशावर लक्ष ठेवायचं, हे लिहिलेलं असतं.

डोंडा वेस्ट या अमेरिकन प्राध्यापिकेचा नोव्हेंबर २००७ मध्ये सौंदर्य शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला. त्याआधी दुसऱ्या एका सर्जनने वैद्यकीय परवानगीशिवाय शस्त्रक्रिया करायला नकार दिला होता. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांचा आजार आढळला. पुढे कॅलिफोर्नियाने त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. शस्त्रक्रियेआधीच्या ३० दिवसांत शारीरिक तपासणी आणि लेखी परवानगी, अशी त्यात अट आहे. ही ३० दिवसांची मर्यादा आपल्याकडेही पाळण्याजोगी आहे, कारण सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट आजची साखर सांगत नाही.

पहिली भेट: सगळं सांगा, न विचारलेलंही

घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं पान किंवा बाटली पिशवीत घालून न्या. ‘बीपीची पांढरी गोळी’ यावरून कोणाला काही कळत नाही. यादीत पुढच्या गोष्टी हमखास सुटतात.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या पूजेसाठी किंवा कार्यासाठी घेतल्या जातात आणि त्यांना कोणी औषध मानत नाही. त्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, दोन्हींचा रक्तात गुठळ्या होण्याशी संबंध आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या साधारण चार आठवडे थांबवायचा सल्ला दिला जातो. त्या काळात दुसरं गर्भनिरोधक वापरा. शस्त्रक्रियेच्या दिवशी पाळी येईल म्हणून ती ढकलण्याची सहसा गरज नसते.

सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत काही वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते बरेच दिवस पोटात गेलं असेल तर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावते आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. अश्वगंधा, गिंको, जिनसेंग, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई हे सगळं सांगा. बहुतेक भूलतज्ज्ञ ते दोन आठवडे आधी बंद करायला लावतात.

गायनेकोमास्टियासाठी (पुरुषाच्या छातीची वाढ) आलेल्या तरुणांनी जिममधली इंजेक्शनं लपवू नयेत. त्यांना हार्मोन्सची तपासणी लागू शकते, आणि इंजेक्शनं चालूच राहिली तर छातीची वाढ पुन्हा होऊ शकते.

घरात कोणाला भुलीखाली अचानक तीव्र ताप आला होता का, शस्त्रक्रियेनंतर कोणी बराच वेळ श्वास घेऊ शकलं नव्हतं का, पायात गुठळी झाली होती का, हे आई-वडिलांना विचारून जा. हे त्रास घराण्यात चालत येऊ शकतात.

तपासण्या: कोणत्या लागतात आणि कोणत्या उगाच

पूर्ण भुलीखालच्या मध्यम किंवा मोठ्या सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयं साधारणपणे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तगट, उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), रक्त गोठण्याची चाचणी, लघवीची तपासणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, ईसीजी एवढं मागतात. एचआयव्ही चाचणीसाठी तुमची संमती लागते. मधुमेह असेल तर एचबीए१सी (सरासरी साखरेची चाचणी), थायरॉइडची गोळी चालू असेल तर टीएसएच. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा छातीचा एक्स-रे हा वय, धाप, मर्मर (हृदयाचा जादा आवाज) किंवा जुना आजार यांवर ठरतो. निरोगी पंचविशीतल्या व्यक्तीची जागेवरच्या भुलीखाली छोटी शस्त्रक्रिया असेल तर यातलं बरंचसं लागत नाही. लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमधल्या ट्यूमर मार्करचा आणि व्हिटॅमिनच्या लांबलचक यादीचा फिटनेसशी काही संबंध नाही. ते पैसे वाचवा.

स्तनांच्या शस्त्रक्रियेआधी वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून घ्यावी. नंतर आतली रचना बदलते आणि तुलनेसाठी आधीचं चित्र हाताशी असलेलं बरं. पाळी येत असलेल्या वयातल्या स्त्रीची गर्भधारणेची चाचणी शस्त्रक्रियेच्या दिवशीच करतात. महिन्यापूर्वीचा निकाल चालत नाही.

हिमोग्लोबिनवर थोडं थांबू या, कारण तारखा इथेच सर्वांत जास्त अडतात. टमी टक किंवा मोठ्या लिपोसक्शनसाठी १२ च्या आसपास असलं तर सर्जन निश्चिंत असतो. १० च्या खाली बहुतेक जण थांबतात. रक्तस्राव किती होणार याचा अंदाज असला तरी हिमोग्लोबिन कमी असेल तर जखम भरायला उशीर होतो आणि रक्त देण्याची वेळ येऊ शकते. लोहाच्या गोळ्यांनी ते महिन्याभरात साधारण एक-दोन ग्रॅम वाढतं. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किमान तासाभराचं अंतर ठेवा. पण लोह सुरू करण्याआधी सीबीसीमधला एमसीव्ही, म्हणजे लालपेशींचा सरासरी आकार, पाहून घ्या. तो खूपच कमी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो. त्यात लोह गिळून हिमोग्लोबिन वाढत नाही.

घराणं विदर्भातलं किंवा नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यातलं असेल तर सिकल सेलची चाचणी करून घ्या. महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने याच भागांत आढळतो. वाहक असणं आणि आजार असणं यांत मोठा फरक आहे, पण भूलतज्ज्ञाला दोन्ही आधीच कळायला हवं. ऑपरेशन थिएटरची थंडी, पाण्याची कमतरता आणि कमी ऑक्सिजन यांनी आजारी व्यक्तीच्या लालपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या अडवतात.

रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर ऐच्छिक शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. दवाखान्यात पाऊल टाकताच दाब वाढणाऱ्यांनी घरच्या मशीनवर आठवडाभराच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी घेऊन जावं. एचबीए१सी ८.५ च्या वर असताना ऐच्छिक शस्त्रक्रिया करू नये, असं ब्रिटनमधलं मार्गदर्शन सांगतं. सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी बरेच सर्जन सातच्या आसपासचा आकडा मागतात, आणि ते रास्त आहे. हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे तो दोन आठवड्यांत आणता येत नाही.

तंबाखू, आणि त्यात मिश्रीही आली

‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन कोणत्याही वाटेने रक्तात गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये पोटाची त्वचा खालून मोकळी करून ताणून शिवतात, तेव्हा तिला रक्त फक्त कडांकडून मिळतं. त्या वाहिन्याच आकसल्या तर बेंबीखालचा मधला भाग काळा पडून मरतो. चेहऱ्याच्या फेसलिफ्टमध्ये कानामागे आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत स्तनाग्राशी हेच होतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद: सिगारेट, विडी, मिश्री, गुटखा, व्हेप सगळंच. निकोटीनची च्युइंगम घेत असाल तर तीही सर्जनला सांगा. शंका आली तर लघवीतल्या कोटिनीनची (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) चाचणी करता येते आणि काही सर्जन ती करतातच.

गुटखा आणि सुपारीची आणखी एक अडचण आहे. वर्षानुवर्षं खाल्ल्यावर गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला आधीच कळवा. श्वासनलिकेत नळी घालायला वेगळी उपकरणं आणि वेगळी तयारी लागते.

भूलतज्ज्ञाची भेट

ही भेट शस्त्रक्रियेच्या किमान आठवडाभर आधी मागा. टेबलावर झोपल्यावर भूलतज्ज्ञाचा चेहरा पहिल्यांदा दिसणं ही वाईट पद्धत आहे. ते जबडा, मान आणि हलणारे दात पाहतील. दोन मजले न थांबता चढता येतात का, हे विचारतील. घोरता का, झोपेत श्वास थांबतो का, याचं उत्तर जोडीदाराला विचारून द्या. झोपेतल्या श्वासरोधाचा रुग्ण त्याच दिवशी घरी पाठवणं धोक्याचं ठरू शकतं.

तुम्ही तीन प्रश्न विचारा. माझी एएसए श्रेणी (भुलीआधी शरीराची स्थिती किती चांगली, याचा दर्जा) कोणती? एक किंवा दोन असेल तर ठीक. तीन असेल तर शस्त्रक्रिया अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच व्हावी. गुठळ्या होण्याचा धोका किती, आणि त्यासाठी इंजेक्शन की पायातले दाब देणारे मोजे? लिपोसक्शन असेल तर एका वेळी किती काढणार? पाच लिटरच्या वर गेलं की ते मोठ्या प्रमाणाचं लिपोसक्शन ठरतं आणि रात्रभर देखरेख लागते.

गोळ्या कधी थांबवायच्या

डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय एकही गोळी थांबवू नका. पुढचे आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी ॲस्पिरिन साधारण सात दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस. पण हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा. स्टेंट नवा असेल तर सौंदर्य शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशी राहिल्यावर साखर जवळजवळ नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी नको. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन-लोसार्टनसारख्या गोळ्या बहुधा २४ तास आधी थांबवतात. मेटोप्रोलॉल, अम्लोडिपिन आणि थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालू राहतात.

वजनासाठी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं घेत असाल तर ते ठळकपणे सांगा. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं, आणि नियमाने उपाशी राहूनही अन्न आत राहून भुलीत फुप्फुसात जाऊ शकतं. काही भूलतज्ज्ञ एक आठवड्याचा डोस वगळतात, काही २४ तास फक्त पातळ पदार्थ देतात.

आदली रात्र आणि ती सकाळ

तळलेलं किंवा मटणाचं जेवण आठ तास आधी, हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरला जात नाही. त्यालाही सहा तास लागतात आणि सकाळच्या अर्ध्या कप चहामुळे शस्त्रक्रिया दुपारवर जाते. नखांवर रंग नको, कारण बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजणारं यंत्र नीट वाचत नाही.

सर्दी, ताप, खोकला किंवा त्वचेवर फोड असेल तर रुग्णालयात पोहोचायची वाट न पाहता आदल्या दिवशीच फोन करा. सर्दीनंतर साधारण दोन आठवडे थांबणं योग्य. म्हणून ॲडव्हान्स भरतानाच ‘वैद्यकीय कारणाने तारीख पुढे गेल्यास रक्कम कायम राहील’ हे पावतीवर लिहून घ्या. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना सोडली तर आरोग्य विम्यात सौंदर्य शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते, त्यामुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्यांचा खर्चही बजेटमध्ये धरा.