फॅटी लिव्हर निघालंय? आधी आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण सुधारा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साठलेली, दिसलं की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद कपाटात टाकतात, नाहीतर केमिस्टकडून प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या’ जिवाणूंच्या, कॅप्सूल आणतात. दोन्ही करू नका.

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने येतं. त्यामुळे मोठ्या आतड्यातले जिवाणू जे काही तयार करतात, त्याचा पहिला हिशेब यकृताला द्यावा लागतो. तंतुमय अन्न मिळालं तर ते ब्युटिरेटसारखी उपयोगी आम्लं बनवतात आणि आतड्याचं अस्तर धड राहतं. ते मिळालं नाही, वर तेल-साखरेचा मारा झाला, तर अस्तर सैल पडतं. मग जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात आणि यकृताला सूज येते. काही जिवाणू तर पोटातच दारू गाळतात. चीनमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये फॅटी लिव्हरच्या बऱ्याच रुग्णांच्या आतड्यात भरपूर अल्कोहोल बनवणारा क्लेबसिएला नावाचा जिवाणू सापडल्याचं मांडलं.

मग चांगले जिवाणू गिळले की झालं? अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने 2013 मध्ये जुळ्या बहिणींचे जिवाणू उंदरांत सोडले. प्रत्येक जोडीत एक लठ्ठ, एक सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर चरबी जास्त चढली. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवल्यावर ते एकमेकांच्या लेंड्या खातात, तसे सडपातळ बाजूचे जिवाणू लठ्ठ बाजूच्या उंदरांत शिरले आणि चरबी आवरली. पण खाणं कमी चरबीचं आणि वनस्पतींचं होतं तेव्हाच. चरबी जास्त, भाज्या-फळं कमी असं खाणं दिल्यावर ते नवे जिवाणू टिकलेच नाहीत. उंदरांवरचं सगळंच माणसाला लागू होत नाही हे खरं, तरी कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी हा प्रयोग आठवावा.

कंबर मोजा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. पुरुषांत 90 सेंटिमीटर, बायकांत 80 च्या वर गेली तर वजनाचा काटा काहीही म्हणो, पोटात चरबी आहे असं धरा.

कडधान्य रोज, पण हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. मैदा, पांढरा भात आणि बटाट्यावर तो आकडा गाठणं अवघड. मटकी रात्री भिजत घाला, सकाळी निथळून फडक्यात बांधा, मोड आले की कमी तेलात उसळ करा. पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी, तीही दिवसाआड. एकदम दोन वाट्या खाल्ल्या की पोट फुगतं आणि माणूस ‘मला कडधान्य सोसत नाही’ म्हणून कायमचं सोडतो. जिवाणूंना या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. ज्वारीचं पीठ चाळू नका, कोंडा जिवाणूंच्या वाट्याचा आहे. सोबत एक पालेभाजी आणि मुळा-काकडीची कोशिंबीर.

साखर पिणं बंद. कोल्ड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस, उसाचा रससुद्धा. साखरेतल्या फ्रुक्टोजची चरबी यकृतातच बनते. फळ चावून खा. ताक प्या, साखरेशिवाय. आणि दारू नकोच, बिअरही दारूच.

सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. विषाणूवर ते चालत नाही, आतड्यातली वस्ती मात्र उठते.

‘लिव्हर डिटॉक्स’ चूर्णं टाळा. 2020 मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. त्यापेक्षा बिनसाखरेची कॉफी बरी.

वजन उतरवा, उपाशी राहून नव्हे. 80 किलोच्या माणसाने 4 किलो कमी केले तरी यकृतातली चरबी घटू लागते, 6 ते 8 किलो उतरले तर सूजही. रोज भरभर चालणं यात धरलेलं आहे.

डॉक्टरांना फिब-4 विचारा, यकृतावर व्रण किती पडलेत याचा अंदाज देणारा आकडा. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स एवढ्यावरून तो निघतो, म्हणजे साध्या रक्त तपासणीत भागतं. आकडा जास्त आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. मधुमेह असेल तर ‘ग्रेड १ च आहे’ म्हणून हे पुढे ढकलू नका.