शाळा-कॉलेजच्या पोरांनी जेवणाचा ग्रुप चालवायचा असेल तर

पोरांनो, आधी एक आकडा ठरवा आणि तो लहान ठेवा. गरजू घरांना जेवण करून द्यायचा ग्रुप काढू म्हटलं की पहिल्या मीटिंगला सगळ्यांच्या अंगात येतं, ५० घरं करू, रोज करू, दोन्ही वेळचं करू, आणि मग परीक्षा जवळ आल्या की व्हॉट्सॲपवर सगळे चिडीचूप. त्यापेक्षा आठवड्यातून एकच दिवस, पाच-सहा घरं, पण तो दिवस काही झालं तरी चुकवायचा नाही. ज्या घरी तुमचं जेवण जाणार तिथे त्या संध्याकाळचा हिशोब तुमच्या भरवशावर केलेला असतो, सामान आणलेलंच नसतं कदाचित. किती लोक लागतील, काय शिजवायचं, पैसे किती गोळा करायचे, सगळं या एका गोष्टीवरून ठरवा, म्हणजे भांडणं निम्मी कमी होतील.

घरं स्वतः शोधत फिरू नका. "ते लोक गरीब दिसतात" असं म्हणून कुणाच्या दारात जेवण घेऊन उभं राहणं हा अपमान असतो, तुमच्या मनात काहीही असो. शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर, सोशल वर्कर, आधीपासून काम करणारी संस्था, यांच्यामार्फत जा आणि त्या घराने हो म्हटल्यावरच सुरू करा. मग विचारायचं एवढंच: माणसं किती, लहान बाळ किंवा म्हातारं माणूस आहे का, काय खात नाहीत, कशाची ॲलर्जी आहे का, आणि जेवण गरम करायची किंवा फ्रिजमध्ये ठेवायची सोय आहे का. हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो, आणि ज्या घरी गॅसच बंद आहे तिथे "गरम करून खा" लिहिलेला डबा जातो. पगार किती, नोकरी का गेली, हे विचारायचं नाही, त्यांनी सांगितलं तर ऐकायचं आणि तिथेच सोडून द्यायचं.

मोठं माणूस लागतंच, त्यावर वाद घालू नका. परवानग्या, बँकेचं खातं, गाडी चालवणं आणि शिजवताना किचनमध्ये हजर राहणं ही त्यांची कामं. घरी शिजवलेलं अन्न वाटायला तुमच्या भागात काय नियम आहेत हेही त्यांनीच अन्न खात्याला विचारून घ्यावं, काही ठिकाणी तपासणी झालेलंच किचन लागतं. पण पहिल्याच दिवशी त्यांना प्रेमाने सांगून टाका की मेनू, कामं, वेळा आम्ही ठरवणार, तुम्ही फक्त धोका दिसला तर थांबवायचं. नाहीतर काय होतं, एखादी उत्साही काकू हातातला झारा घेते आणि तासाभरात तुम्ही सगळे कांदे सोलत बसलेले असता.

आता लीडरबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लीडरने त्या दिवशी शिजवायला उभं राहायचं नाही. हातात यादी आणि डोळा घड्याळावर, बस. जो सगळ्यात चांगला स्वयंपाक करतो त्याला लीडर करू नका, जो फोन उचलतो आणि वेळेवर येतो त्याला करा. खरेदी, चिरणं, शिजवणं, भरणं, पोचवणं, हिशोब, प्रत्येक कामाला एक नाव आणि त्याच्या शेजारी एक बदली नाव. "कोण येतंय?" असं ग्रुपवर कधी टाकू नका, त्याला चार अंगठे येतात आणि दोन माणसं येतात. नाव घेऊन विचारायचं, अमुकतमुक, शनिवारी चारला चिरायला येतोयस ना, हो की नाही. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांच्या परीक्षा, मॅचेस, लग्नं एका शीटवर लिहून घ्या, ज्या आठवड्यात निम्मे लोक अडकलेत त्या आठवड्याचा मेनू आधीच सोपा करून ठेवा.

आणि हो, मित्राला सुनवायची वेळ येणारच. बेस्ट फ्रेंड सलग दोनदा उशिरा आला तर ग्रुपवर टोमणा मारू नका, बाजूला घेऊन विचारा की ही वेळ जमत नाहीये का, दुसरं काम घेतोस का? बऱ्याचदा त्याला किचनचाच कंटाळा आलेला असतो आणि हिशोबाचं काम तो मस्त करतो.

मेनू तीन-चारच पदार्थांचा ठेवा आणि तेच फिरवा. तळणं नको, मोठ्या कढईतलं गरम तेल आणि एकमेकांना धक्के देणारी पोरं हे कॉम्बिनेशनच नको. उकळतं भरलेलं पातेलं कुणीही उचलायचं नाही, ओगराळ्याने छोट्या भांड्यात काढायचं. चार जणांची रेसिपी ४० जणांना करताना सगळं सरळ दहा पट करू नका. मोठ्या पातेल्यातलं पाणी त्या मानाने कमी आटतं, त्यामुळे पाणी थोडं कमीच घ्या आणि लागलं तर वाढवा, मीठ-तिखट सहा-सात पटीवर थांबवून चव बघा, कारण वाढवता येतं, काढता येत नाही. उकळी यायला वेळ भरपूर जास्त लागतो, तो वेळापत्रकात धरा. भात एका प्रचंड पातेल्यात लावला की खाली करपतो, वर कच्चा राहतो, दोन मध्यम पातेली बरी. मोठ्या माणसाला साधारण ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ धरा, शिजल्यावर वजन अडीच-तीन पट होतं, डबे त्या हिशोबाने घ्या.

पैसे आले की पहिली खरेदी अन्नात खुपसायच्या थर्मामीटरची करा, टी-शर्टची नाही. ५ ते ६० अंश सेल्सियस या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न त्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, कडक उन्हाळ्यात तर एक तासच धरा. चिकन आतून ७५ अंश व्हायलाच हवं, परत गरम केलेलं अन्नसुद्धा. म्हणजे रस्ते दोनच: गरमागरम भरून लगेच पोचवायचं, नाहीतर पटकन थंड करून फ्रिजमध्ये आणि थंडच पोचवायचं. कोमट डबे पिशवीत घालून संध्याकाळभर फिरणं हा तिसरा रस्ता बंद. थंड करायचं तर मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, आतला भाग कितीतरी तास गरमच राहतो, पसरट ट्रेमध्ये जेमतेम ५ सेंटीमीटरचा थर करा. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे.

भाताला लोक निरुपद्रवी समजतात आणि तोच फसवतो. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम करून जात नाही. सकाळचा भात संध्याकाळी फोडणी देऊन वाटू, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. राजम्याचंही तसंच, किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो.

उलट्या-जुलाब झालेल्याने ते थांबल्यावर पूर्ण ४८ तास किचनमध्ये यायचं नाही. तुमच्या वयात लोक हे लपवतात, ग्रुपला दगा दिल्यासारखं वाटतं म्हणून, त्यामुळे लीडरनेच आधी बोलून ठेवायचं की आजारी असल्याचा मेसेज आला तर "ओके, बदली पाठवतो" एवढंच उत्तर येईल, कुणी चिडणार नाही. हात साबणाने २० सेकंद. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुवायचे नाहीत असं नसतं, त्याच ग्लोव्हजने फोन धरला की संपलं.

डब्यावर काय लिहायचं: पदार्थ, तारीख, त्यात काय काय आहे, कसं ठेवायचं, कधीपर्यंत खायचं. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ, मासे, कोळंबी-खेकडे, यातलं काहीही असेल तर ठळक. शेंगदाणे तर किचनमधूनच हद्दपार करा, डोक्याचा ताप वाचतो. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल त्या घरच्या डब्यात मध नको. आणि डब्यावर घराचं नाव नाही, फक्त नंबर. नावांची यादी दोघांकडेच.

पोचवायला जोडीने जा, मोठ्या माणसाला कुठे आहोत ते कळवत राहा, घरात शिरू नका, दारात गप्पा ताणू नका. फोटो बंद, घराचा नाही, माणसांचा तर नाहीच, हवा तर पातेल्याचा काढा. दार तुमच्याच वर्गातल्या कुणी उघडलं तर? होतं असं. नेहमीसारखं हाय म्हणा, डबा द्या, निघा, आणि शाळेत तो विषय त्याने काढला तरच बोला. पुढच्या वेळी त्या दारी दुसरी जोडी पाठवा, लीडरला "मला बदल" एवढं सांगितलं की पुरे, कारण सांगायची गरज नाही. काही काळजीचं दिसलं, छोटी मुलं एकटी आहेत किंवा मारहाणीच्या खुणा आहेत, तर ग्रुपवर अजिबात नाही, सरळ जबाबदार मोठ्या माणसाला.

हिशोब त्याच रात्री. बिलाचा फोटो, रोख असेल तर दोघांनी मोजून, आणि पैसे कुणाच्याही पर्सनल खात्यात नाहीत, तो कितीही जवळचा मित्र असला तरी. दान आलेल्या सामानात उघडलेली पाकिटं, फुगलेले टिन, तारीख उलटलेलं काही असेल तर गोड बोलून परत करा.

तुम्ही एक-दोन वर्षांत पुढच्या शिक्षणाला जाणार हे आत्ताच धरून चाला. खालच्या वर्गातला एकजण पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा, सगळं एका वहीत लिहा, कुठलं पातेलं किती जणांना पुरतं इथपासून, आणि जायच्या दोन-तीन महिने आधी त्याला पूर्ण दिवस चालवू द्या, तुम्ही तिथे असा पण तोंड बंद ठेवून (हे कांदे चिरण्यापेक्षा अवघड आहे). चालवायला खरंच कुणी उरलं नाही तर घरांना महिनाभर आधी सांगा आणि त्या संस्थेला दुसरी सोय बघायला लावा. आणि एखादं घर म्हणालं की आता आमचं भागतंय, नको, तर आग्रह करू नका, बरं म्हणा, पुन्हा लागलं तर कुणाला कळवायचं तो नंबर द्या आणि वेटिंगमधल्या पुढच्या घराला विचारून घ्या.